एका माणसाचे अनेक आजार आणि फॅमिली डॉक्टरांचे निर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गुडघेदुखी, थायरॉइड यांपैकी दोन किंवा अधिक आजार वर्षानुवर्षे सोबत असलेले गोव्यातील रुग्ण आणि त्यांचे घरचे लोक फॅमिली डॉक्टरांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. औषधयोजना ठरवताना डॉक्टरांच्या मनात काय चालते हे समजावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. ते वाचून चालू औषधांत परस्पर बदल करू नये.

प्रत्येक आजारासाठी तज्ज्ञ असताना फॅमिली डॉक्टरांकडे कशासाठी जायचे?

तज्ज्ञांची गरज असतेच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने हृदयरोगतज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे, आणि डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर तेथे फॅमिली डॉक्टरांचे काम पाठवण्यापुरतेच असते. अडचण पुढे सुरू होते. हृदयाच्या डॉक्टरांनी हृदयाच्या दृष्टीने, हाडांच्या डॉक्टरांनी हाडांच्या दृष्टीने आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी साखरेच्या दृष्टीने लिहिलेल्या चिठ्ठ्या आपापल्या जागी अगदी बरोबर असू शकतात. पण त्या सगळ्या गोळ्या एकाच पोटात जातात आणि त्यांचा निचरा एकाच मूत्रपिंडांच्या जोडीला करावा लागतो. ही बेरीज कोणीतरी करायला हवी, आणि ती करण्यासाठी रुग्णाच्या घरी स्वयंपाक कोण करते, चष्मा लावूनही त्याला पाकिटावरचे नाव वाचता येते का, रात्री तो किती वेळा उठतो, हे माहीत असावे लागते. ते बहुधा फॅमिली डॉक्टरांनाच माहीत असते.

असे रुग्ण गोव्यात खरेच जास्त आहेत का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडिॲब पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशभरात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. उच्च रक्तदाबाचे देशभराचे प्रमाण ३५.५ टक्के होते. मधुमेह आणि रक्तदाब फार वेळ एकटे राहत नाहीत; मागोमाग मूत्रपिंड, हृदय, पायांच्या नसा यांच्या तक्रारी येतात, आणि गोव्यातील लोकांचे आयुर्मान चांगले असल्याने त्या घेऊन जगण्याची वर्षेही अधिक मिळतात.

हा फक्त म्हातारपणाचा प्रश्न आहे असे मात्र समजू नये. स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत गरीब वस्त्यांत अनेक आजार एकत्र येण्याची सुरुवात सुखवस्तू वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षे आधी होते, असे त्यात दिसले.

प्रत्येक आजाराची प्रमाणित उपचारपद्धती ठरलेली असताना डॉक्टर ती जशीच्या तशी का पाळत नाहीत?

कारण त्या पद्धती बहुतेक वेळा एकेका आजारासाठी लिहिलेल्या असतात. २००५ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी एक प्रयोग कागदावर करून पाहिला. त्यांनी ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब, हाडांची ठिसूळता, संधिवात आणि फुप्फुसांचा जुना विकार असे पाच मध्यम स्वरूपाचे आजार आहेत असे मानले आणि पाचही आजारांच्या मान्य मार्गदर्शक सूचना तिला शब्दशः लागू केल्या. निष्पन्न असे झाले की तिला १२ औषधे, दिवसातून ५ वेगवेगळ्या वेळी मिळून १९ मात्रांमध्ये घ्यावी लागली असती. पथ्य, व्यायाम आणि तपासण्यांच्या फेऱ्या त्याखेरीज. शिवाय एका आजाराच्या सूचना दुसऱ्याला मारक ठरत होत्या.

याच्या मुळाशी आणखी एक कारण आहे. औषधांच्या मोठ्या चाचण्यांत सहसा एकच आजार ठळक असलेली माणसे घेतात, म्हणजे निष्कर्ष स्वच्छ निघतो. रक्तदाबाचा वरचा आकडा १२० च्या खाली आणल्याने फायदा होतो असे दाखवणारी २०१५ सालची गाजलेली स्प्रिंट चाचणी घ्या. तिच्यात मधुमेह असलेल्यांना किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना घेतलेच नव्हते. आता दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या रुग्णांपैकी कितीजण त्या चाचणीत बसले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली अनेक आजार असलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. आजारांच्या यादीआधी उपचारांचे ओझे आणि रुग्णाची स्वतःची उद्दिष्टे विचारात घ्या, असे त्यात सांगितले आहे. जुन्या पठडीतले चांगले डॉक्टर हे करतच होते. आता त्याला कागदी आधार मिळाला, एवढेच.

मग डॉक्टर विचाराची सुरुवात नेमकी कुठून करतात?

पिशवीपासून. रुग्णाला घरातली सगळी औषधे, म्हणजे सकाळच्या डब्यातली, उशाजवळची, फ्रिजवरची आणि “ही आता घेत नाही” म्हणून बाजूला ठेवलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून आणायला सांगतात आणि ती टेबलावर उलटी करतात. जे समोर येते ते चिठ्ठीवर असतेच असे नाही. फार्मसीतून दहाऐवजी सहाच गोळ्या घेतल्यामुळे पाकीट कात्रीने कापलेले असते; नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर राहिलेली असते. एका पाकिटात टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची दोन औषधे एकत्र असतात, तर दुसऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीच्या नावाने नुसती ॲम्लोडिपिन दिलेली असते. रुग्णाच्या दृष्टीने ती दोन निराळी औषधे, एक पांढरे आणि एक गुलाबी. प्रत्यक्षात एकाच औषधाची दुप्पट मात्रा रोज पोटात जात असते. आपल्याकडे मिश्र गोळ्यांची आणि व्यापारी नावांची रेलचेल असल्यामुळे हा प्रकार सर्रास दिसतो. नवीन औषध लिहिण्याआधी हे उकलले पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा विचार चुकीच्या पायावर उभा राहतो.

पिशवी तपासून झाली की दुसरा प्रश्न रुग्णाला विचारतात : तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? उत्तर बहुधा डॉक्टरांच्या यादीतले नसते. अहवालात मूत्रपिंड मंदावल्याची खूण असलेले क्रिएटिनिन वाढलेले असते, साखर चढलेली असते, आणि आजी म्हणतात, “देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, एवढे तेवढे बघा.” हे उत्तर गंभीरपणे घ्यावे लागते. पायऱ्या न चढण्यामागे गुडघे असतील, हृदय अशक्त झाले असेल, रक्त कमी असेल, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या जास्त होऊन उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल. म्हणून रक्तदाब बसवून आणि उभे करून असा दोन्ही वेळा मोजतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर बसून घेतलेला रक्तदाब कितीही चांगला दिसला तरी त्यावर समाधान मानता येत नाही, कारण अशा माणसाचा पुढचा आजार बहुधा न्हाणीत पडून मोडलेले खुब्याचे हाड हा असतो.

तिसरा विचार क्रमाचा. जिवाला धोका कशाने आहे, उद्याचे दुखणे कशाने टळेल, आणि दहा वर्षांनी फायदा देणारे काय आहे, हे वेगवेगळे करावे लागते. सगळे एकाच भेटीत सुरू करणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला तरी धास्तीच वाटते. चार औषधे एकदम सुरू केली आणि रुग्णाला चक्कर आली, तर दोष कोणाचा हे मग सांगता येत नाही. एका वेळी एक बदल, ठरलेल्या तारखेला फेरतपासणी, आणि त्या दिवशी काय पाहायचे हे चिठ्ठीवर लिहिलेले, असा क्रम हळू वाटला तरी तोच भरवशाचा आहे.

शेजाऱ्याची साखर सातच्या आत ठेवायला सांगितली, मग माझ्या आईसाठी आठ कशी चालते?

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसी या तपासणीचा आकडा सर्वांसाठी सारखा नसतो. २००८ साली अमेरिका आणि कॅनडातील ॲकॉर्ड या मोठ्या चाचणीत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची साखर सहाच्या खाली आणण्याचा जोरदार प्रयत्न झाला. उरलेल्यांसाठी सात ते ७.९ हे लक्ष्य होते. कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०३, आणि तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. सरासरी वय होते ६२.

त्यानंतर जगभर उद्दिष्टे माणसागणिक ठरू लागली. नुकताच मधुमेह लागलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षकासाठी सातच्या आतला आकडा योग्य आहे, कारण घट्ट नियंत्रणाचा डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना होणारा फायदा दिसायला अनेक वर्षे लागतात आणि ती वर्षे त्याच्याजवळ आहेत. ऐंशीच्या घरातली, हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही दुबळी झालेली, दुपारी घरी एकटी असणारी बाई साखर उतरून बेशुद्ध पडली तर शेजारच्यांना कळायलाही संध्याकाळ होईल. तिच्यासाठी आठच्या आसपासचा आकडा हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्याला दुर्लक्ष म्हणणे अन्यायाचे आहे. ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर दीर्घकाळ खाली खेचणारी जुनी गोळी वयस्कांना, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असताना, देऊ नये असे म्हणतात तेही याच कारणाने. रुग्णाला रक्तक्षय असेल तर एचबीएवनसीचा आकडाच फसवा निघू शकतो, हेही ध्यानात ठेवावे; अशा वेळी घरच्या यंत्रावरच्या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

पाय सुजले म्हणून गोळी दिली आणि त्यानंतर एकामागून एक तक्रारी सुरू झाल्या. असे का होते?

औषधाचा दुष्परिणाम हाच नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते, म्हणून. ही साखळी फार ओळखीची आहे. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू होते. ती दहा मिलिग्रॅमच्या मात्रेत गेली की काही जणांचे घोटे सुजतात. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्यांवरच्या परिणामाची असते, त्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. तरीही ती गोळी दिली जाते. मग रात्री तीनदा उठावे लागते, पोटॅशियम उतरते, युरिक ॲसिड वाढते आणि एके सकाळी अंगठ्याचा सांधा लालबुंद होतो. सांध्यासाठी वेदनाशामक दिले की त्याने रक्तदाब चढतो, आणि रक्तदाब चढला म्हणून तिसरी गोळी येते.

कोणत्याही नव्या तक्रारीच्या वेळी गेल्या दोन-तीन महिन्यांत काय सुरू झाले किंवा काय वाढवले, हा प्रश्न डॉक्टर आधी विचारतात तो यासाठी. वरील उदाहरणात ॲम्लोडिपिनची मात्रा निम्मी करणे किंवा ती बदलणे एवढ्यानेच पुढची सगळी रांग टळली असती. अर्थात पाय सुजण्याची कारणे हृदयात, मूत्रपिंडात किंवा यकृतातही असतात. ती तपासल्याशिवाय सगळा दोष गोळीवर टाकणे हीही घाईच होय.

गुडघे एवढे दुखतात, तरी डॉक्टर दुखण्याची गोळी देताना हात आखडता का घेतात?

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. रुग्ण आधीच रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आणि सोबत लघवीची गोळी घेत असेल, तर तिन्ही मिळून मूत्रपिंड काही दिवसांतच बंद पडण्याच्या वाटेला लागू शकते. एप्रिल-मेच्या घामाच्या दिवसांत तर धोका आणखी वाढतो. शिवाय या गोळ्यांनी हृदय अशक्त असलेल्याच्या अंगात पाणी साठते, आणि ॲस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणून आधी ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, सांध्यावर चोळायचे मलम, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन कमी करणे, असा क्रम लावतात. एवढे करूनही माणूस घराबाहेर पडू शकत नसेल, तर थोड्या दिवसांसाठी, क्रिएटिनिन तपासून, गोळी देण्याचा निर्णय होऊ शकतो. दुखणे सहन करत बसा असे कोणी म्हणत नाही. फार्मसीत जाऊन “मागची तीच द्या” म्हणणे मात्र या आजारांत फार महागात पडते.

एकच औषध दोन-तीन आजारांना लागू पडू शकते का?

पडते, आणि डॉक्टर अशी औषधे मुद्दाम शोधतात. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मधुमेहासाठी आल्या, पण अशक्त हृदय आणि मूत्रपिंडाचा विकार यांतही त्यांचा स्पष्ट फायदा दिसला. डॅपाग्लिफ्लोझिनचे एकाधिकार भारतात २०२० साली आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ साली संपल्यामुळे त्या आता बऱ्याच स्वस्तही झाल्या आहेत. जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होणे हा त्यांचा नेहमीचा त्रास. लाजेपायी रुग्ण तो सांगत नाहीत आणि गोळी परस्पर सोडून देतात. उलट बाजूही असते : पायोग्लिटाझोन साखर उतरवते पण अशक्त हृदयाला चालत नाही, आणि रक्तदाबावरची काही औषधे दमेकऱ्याचा दमा उठवतात.

इतकी वर्षे चालू असलेली गोळी डॉक्टरांनी बंद केली. त्यांनी आशा सोडली असे समजायचे का?

मुळीच नाही. गोळी सुरू करण्याला जसे कारण लागते तसे ती चालू ठेवण्यालाही लागते. झटक्यानंतर ठरावीक मुदतीसाठी दिलेले रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध, कधीतरी आंबट ढेकरांसाठी सुरू झालेली आणि पुढे कोणी न थांबवलेली ॲसिडिटीची गोळी, कोणाच्या तरी निधनानंतर दोन आठवड्यांसाठी लिहिलेली झोपेची गोळी, या सगळ्या चिठ्ठीत वर्षानुवर्षे तशाच उतरत राहतात. वजन घटले, जेवण कमी झाले, मूत्रपिंड मंदावले, की जुनी मात्राच जास्त होऊ लागते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन हे याचे चांगले उदाहरण आहे : मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की मात्रेचा फेरविचार करतात, आणि ३० च्या खाली ती बंद करतात.

बंद करण्याचीही रीत असते. झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड, फिटची औषधे, हृदयाचे ठोके आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी औषधे एका दिवसात तोडायची नसतात. ती टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि दर टप्प्याला रुग्णाला पाहतात. रुग्णाचा विरोध असेल तर चांगले डॉक्टर हट्ट धरत नाहीत. आपली गोळी काढून घेतली जाते आहे ही भावना खरी असते, आणि तिच्याशी भांडून काही साधत नाही.

गोव्याच्या जेवणातले काय चालते आणि काय टाळायचे?

एका आजाराचे पथ्य दुसऱ्याला बाधू शकते, म्हणून हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. शहाळ्याचे पाणी निरोगी माणसाला उत्तम. पण मूत्रपिंड मंदावलेले असताना आणि टेल्मिसार्टन किंवा पोटॅशियम अंगात राखणारी स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असताना त्यातले पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. रक्तदाबासाठी म्हणून आणलेले ‘कमी सोडियमचे’ मीठही त्याच कारणाने अशा रुग्णाला घातक आहे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते.

खारवलेल्या मासळीबद्दल डॉक्टरांचे आणि रुग्णांचे दर पावसाळ्यात एकदा तरी वाजते. खारे बांगडे, सुकी सुंगटे, आंब्याचे मिठातले लोणचे आणि पेज हा पावसाळ्यातला ठरलेला बेत. हृदय अशक्त असलेल्याच्या अंगात पाणी साठवायला तो दोन दिवसांत पुरतो. ताज्या मासळीला मात्र फारशी हरकत नसते. हुमण, म्हणजे मासळीची आमटी, करताना नारळ थोडा कमी आणि भात मोजून, एवढे सांभाळले तर मधुमेह्यानेही ती टाळायचे कारण नाही. मूत्रपिंडाचा विकार पुढे गेला असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टर वेगळे ठरवून देतात. पेज पिऊन पोट भरल्यासारखे वाटते, पण त्यात साखर वाढवणारा भातच असतो आणि प्रथिने जवळजवळ नसतात, हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

उपवासाचे तर आधीच सांगून ठेवलेले बरे. श्रावणी सोमवार, एकादशी, चतुर्थीच्या दिवशी पूजा आटोपेपर्यंत दोन वाजतात आणि सकाळची साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन मात्र सवयीने वेळेवर घेतलेले असते. साखर उतरून इस्पितळात येणाऱ्यांत असे रुग्ण असतात. उपवास करूच नका असे सांगून कोणी ऐकत नाही, म्हणून त्या दिवशीची मात्रा किती आणि केव्हा घ्यायची हे आधल्या भेटीतच ठरवून घ्यावे.

ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेदिक औषधे घेतली तर चालतील का?

घेत असाल तर सांगा, ही पहिली अट. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे इस्पितळ २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाल्यापासून नोंदणीकृत वैद्यांचा सल्ला घेणे उत्तर गोव्यातल्या लोकांना सोपे झाले आहे, आणि तशा चिठ्ठीवर औषधाचे नाव तरी कळते. धोका बिनलेबलाच्या पुड्यांचा असतो. काहींत स्टेरॉइड मिसळलेले, काहींत जड धातू सापडलेले आहेत. निर्धोक समजल्या जाणाऱ्या गोष्टींकडेही लक्ष ठेवावे लागते. खोकल्यासाठी ज्येष्ठमध महिनाभर चघळला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. लघवीची गोळी चालू असलेल्याला हे दोन्ही नको असते.

दोन तज्ज्ञांची मते वेगळी असतील तर कोणाचे ऐकायचे?

बहुधा दोघेही बरोबर असतात, फक्त त्यांच्यासमोरचा प्रश्न वेगळा असतो. अंगातले पाणी काढण्यासाठी हृदयाचे डॉक्टर लघवीची गोळी वाढवतात, आणि क्रिएटिनिन चढले म्हणून मूत्रपिंडाचे डॉक्टर ती कमी करतात. येथे फॅमिली डॉक्टरांनी रुग्णाला चिठ्ठी देऊन पुन्हा पिटाळण्याऐवजी स्वतः फोन उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दम किती लागतो, रोजचे वजन किती, पायावर सूज कुठवर आहे, हे सांगून दोघांना मान्य होईल असा आकडा ठरवता येतो : अमुक वजनापर्यंत ही मात्रा, त्याच्या खाली गेल्यास निम्मी. रुग्णाच्या हातात शेवटी एकच चिठ्ठी राहिली पाहिजे. आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकावर नोंदी जोडल्या असतील तर अहवाल शोधण्याची धावपळ वाचते, पण दोन डॉक्टरांमधले बोलणे त्याने होत नाही.

डॉक्टर आजारांबद्दल सोडून मनाबद्दल का विचारतात?

उदास माणूस गोळ्या विसरतो, चालायला जात नाही आणि “आता काय करायचे जगून” म्हणत पथ्य सोडतो. साखर बिघडण्याचे खरे कारण कित्येकदा हेच निघते. या विषयात गोव्याने जगाला काही दाखवलेले आहे. पर्वरीच्या ‘संगत’ या संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी दवाखान्यांत चाचणी घेऊन, पदवीधर मानसतज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण मिळालेल्या स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने आरोग्य केंद्रांतले नैराश्याचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे होतात, हे २०१० साली दाखवून दिले. खासगी डॉक्टरांकडच्या रुग्णांत समुपदेशकामुळे फरक पडला नाही. रोजच्या ओळखीतल्या डॉक्टरांशी होणारे बोलणे तेथे आधीपासूनच काम करत असावे, असा याचा एक अर्थ लावता येतो, आणि तो मला पटतो.

मुलगा बोटीवर आहे आणि मुलगी परदेशात. निर्णय कोणाच्या सांगण्याने व्हायचा?

रुग्ण शुद्धीवर आणि समजूतदार असेल तर निर्णय त्याचाच. मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला डॉक्टर तयार असतात, पण आईवडिलांच्या देखत आणि त्यांच्या परवानगीने. दूर असलेल्या मुलांचा कल सगळ्या तपासण्या आणि सगळे उपचार करून घेण्याकडे असतो, कारण जवळ नसल्याची टोचणी असते. रोज हात धरून न्हाणीत नेणाऱ्या सुनेचे मत कोणी विचारतही नाही. खरे तर गोळ्यांच्या वेळा दिवसात पाचवरून दोनवर आणाव्यात की नाही, याचे सर्वांत उपयोगी उत्तर तिच्याकडेच असते. रुग्णाला विसरभोळेपणा वाढू लागला असेल, तर पुढे बोलता येणार नाही अशी वेळ आली की काय करावे आणि काय करू नये, हे तो सांगू शकतो तेव्हाच विचारून लिहून ठेवावे.

महिन्याचा औषधांचा खर्च परवडत नाही, हे डॉक्टरांना सांगावे का?

अवश्य सांगावे, आणि आधी सांगावे. पैसे पुरत नाहीत म्हणून एक दिवसाआड गोळी घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब आटोक्यात नाही असे पाहून डॉक्टर आणखी एक गोळी वाढवतात, आणि गाडी अधिकच घसरते. गोवा सरकारची २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण देते, पण तिचा उपयोग मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांना होतो. रोजच्या गोळ्यांचा प्रश्न तिने सुटत नाही. त्यासाठी आरोग्य केंद्रात मिळणारी औषधे आणि जनऔषधी केंद्रे हाच मार्ग आहे. तुमची चिठ्ठी मूळ औषधांच्या नावांनी लिहून मागा.

दहा मिनिटांच्या भेटीत हे सगळे खरेच होते का?

होत नाही. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात चाळीस रुग्ण बाहेर बसलेले असताना पिशवी उलटी करून बसणे शक्य नसते, म्हणून सहा महिन्यांतून एकदा फक्त यासाठी वेगळी, सकाळची, लांब वेळ मागून घ्यावी. अशा सविस्तर भेटींनी चमत्कार होतो असेही नाही. ब्रिटनमध्ये ३३ दवाखान्यांत दीड हजारांवर रुग्णांवर अशी पद्धत वापरून पाहिली, तिचा निष्कर्ष २०१८ साली आला : रुग्णांना आपली काळजी अधिक आपुलकीने घेतली गेली असे वाटले, पण त्यांच्या जीवनमानाच्या मोजमापात फरक पडला नाही. तरीही, दुहेरी ॲम्लोडिपिन शोधायला दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

जुलाब, उलट्या किंवा तापाने खाणेपिणे बंद झाले तर नेहमीच्या गोळ्या तशाच घ्यायच्या का?

सगळ्या नाही, आणि कोणत्या थांबवायच्या हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांकडून चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावे. अंगातले पाणी कमी झाले असताना लघवीच्या गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या आणि वेदनाशामके साधारणपणे तात्पुरती थांबवायला सांगतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचे नसते. साखर दर काही तासांनी मोजून मात्रा फोनवर विचारावी. खाणेपिणे पूर्ववत होऊन २४ ते ४८ तास झाले की थांबवलेली औषधे पुन्हा सुरू करायची असतात, आणि हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. लघवी अगदी कमी झाली, गुंगी आली, श्वास जोराने चालू लागला किंवा उलट्या थांबेनात, तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करून जवळच्या इस्पितळात जावे, आणि जाताना औषधांची पिशवी सोबत न्यावी.